विमान चालवायला बी.एस्सी. कशाला?

घोडेगावच्या शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घ्यायला आलेला माणूस दाखला मागत नाही. तो आधी तोंड उघडून दात मोजतो, मागे जाऊन कास चाचपतो, चार पावले चालवून पाहतो. तरी मनात किंतु राहिलाच तर तिथल्या तिथे धार काढायला लावतो. विकणारा शपथांवर शपथा घेतो, सकाळचे इतके अन् संध्याकाळचे इतके म्हणून लिटरचा हिशेब सांगतो. घेणाऱ्याचे डोळे मात्र बादलीवर असतात.

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की शनिशिंगणापूरच्या फाट्यावर हे गाव लागते. घोडेश्वरी देवीचे देऊळ, म्हशींचा बाजार आणि कांद्याचे लिलाव ही त्याची ओळख. विमानाशी या गावाचा संबंध आकाशात दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेपुरताच होता. पण १ ऑक्टोबर २०१७ रोजी याच जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला शिर्डीचे विमानतळ सुरू झाले आणि विमान नावाची गोष्ट एसटीच्या अंतरावर आली. नेवासे तालुक्यातल्या एखाद्या घरात आता बारावी सायन्सची मुलगी "मला पायलट व्हायचंय" म्हणाली, तर कुणी खो खो हसत नाही. बाप एवढेच म्हणतो, "आधी डिग्री तर घे, मग बघू."

बापाचे म्हणणे वरकरणी रास्त आहे. महाराष्ट्रात तलाठी व्हायला पदवी लागते. फौजदारकीच्या परीक्षेला बसायला पदवी लागते. बँकेत काउंटरमागे बसून पैसे मोजायचे तरी पदवी लागते. मग एकशेऐंशी माणसे घेऊन पस्तीस हजार फुटांवरून जाणाऱ्याला ती लागत असणारच, असे कुणीही धरून चालेल. तशी ती लागत नाही. १९३७ च्या विमान नियमांनुसार व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, म्हणजे सीपीएलला, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे आहे. वय अठरा पूर्ण हवे. पुढे कॅप्टनच्या खुर्चीसाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला एकवीस वर्षे आणि दीड हजार तासांचे उड्डाण लागते, पण शिक्षणाची अट तीच, बारावी. सातबाऱ्यावर नोंद घेणाऱ्याला पदवी आणि एअरबस उतरवणाऱ्याला बारावी, हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस "काहीतरी चुकतंय" असेच म्हणतो.

चुकत असलेच तर ते तलाठ्याच्या बाजूने चुकत असेल. वैमानिकाच्या बाजूने नियम बरोबर आहे आणि तो तसाच राहायला हवा.

सीपीएलसाठी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, उमेदवाराकडून काय काय करून घेते ते एकदा पाहावे. हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र, विमानाची तांत्रिक माहिती असे पेपर, आणि प्रत्येकात उत्तीर्ण व्हायला शंभरात सत्तर गुण. आपल्या विद्यापीठांत पस्तीस-चाळीस गुणांवर पेढे वाटतात, हे जाता जाता लक्षात असू द्यावे. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. डोळे, कान, हृदय यांची कडक वैद्यकीय तपासणी वेगळी. मग दोनशे तासांचे उड्डाण. त्यातले शंभर तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. त्यातही एक प्रवास किमान तीनशे सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरचा, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे पाच तास, त्यात किमान दहा वेळा उडणे आणि दहा वेळा उतरणे. दहा तास बाहेर न पाहता, फक्त समोरच्या घड्याळांवर आणि काट्यांवर भिस्त ठेवून. एवढे झाले की परीक्षक शेजारी बसतो आणि चालत्या विमानात इंजिनाची ताकद काढून घेऊन म्हणतो, आता काय करशील?

बादलीत काय पडते ते पाहणे म्हणतात ते हेच. आणि हे सगळे झाल्यावरही कंपनी त्याला लगेच हात लावू देत नाही. ज्या जातीचे विमान चालवायचे त्याचे टाइप रेटिंग करावे लागते, सिम्युलेटरवर घाम गाळावा लागतो, अनुभवी कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रवासी उड्डाणे करावी लागतात. नोकरी लागल्यावरही ठरावीक मुदतीने पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा परीक्षक, पुन्हा वैद्यकीय तपासणी. पदवीधर माणसाला एकदा पदवी मिळाली की पुढची चाळीस वर्षे कुणी विचारत नाही. वैमानिकाला निवृत्तीपर्यंत परीक्षा देत राहावी लागते.

या देशातला पहिला परवाना ज्याच्या नावे निघाला तो माणूसही पदवीधर नव्हता. जे. आर. डी. टाटांना केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायचे होते, पण वडिलांनी १९२५ साली त्यांना मुंबईला बोलावून बिनपगारी उमेदवार म्हणून कामाला लावले. कॉलेज राहिले ते राहिलेच, आणि त्याची खंत त्यांना पुढे कायम होती. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्याचा क्रमांक होता एक. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले आणि जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून एअर इंडियाची गोष्ट सुरू होते. टाटांचा दाखला देऊन "शिकायची काय गरज" असे म्हणणाऱ्यांची मात्र कीव करावी. टाटांना कॉलेज हुकले होते, वाचन नव्हे. आणि आडनाव टाटा असले की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

पदवी हवी म्हणणाऱ्यांकडे एक वजनदार मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला यंत्र चालवता येईल, पण वेळप्रसंगी डोके शांत ठेवायला, चूक कबूल करायला, शेजारच्याचे ऐकायला जी पक्वता लागते ती कॉलेजच्या तीन-चार वर्षांत येते, असे ते म्हणतात. उदाहरण म्हणून कॅप्टन सलेनबर्गर यांचे नाव हमखास येते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांची धडक बसून दोन्ही इंजिने बंद पडली, तेव्हा त्यांनी विमान हडसन नदीवर उतरवले आणि १५५ च्या १५५ माणसे वाचली. सलेनबर्गर उच्चशिक्षित खरेच. पण त्यांची पहिली पदवी मानसशास्त्राची होती. त्या साडेतीन मिनिटांत त्यांच्या कामी आले ते सुमारे वीस हजार तासांचे उड्डाण आणि तरुणपणापासूनचा ग्लायडरचा हात. आता कुणी असा नियम सुचवणार आहे का, की वैमानिकांनी मानसशास्त्र घेऊन बी.ए. करावे?

अमेरिकेने या बाबतीत बरेच प्रयोग केले आहेत. तिथल्या सरकारने परवान्यासाठी पदवी कधी मागितली नाही, पण बड्या कंपन्या अनेक वर्षे चार वर्षांच्या पदवीशिवाय अर्जाकडे बघत नसत. त्यातली डेल्टा शेवटपर्यंत अडून होती. जानेवारी २०२२ मध्ये वैमानिकांची टंचाई भेडसावू लागली तेव्हा तिनेही ती अट काढली. पदवीवर प्रवाशांची सुरक्षा खरोखर अवलंबून असती तर टंचाईपायी ती सोडून देणे हा गुन्हाच ठरला असता. तसे कुणीही म्हटले नाही, कारण ती अट मुळात अर्जांचा ढीग निम्मा करण्यासाठी होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

दुसरा प्रयोग जास्त बोलका आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळले, पन्नास माणसे गेली. विमानाचा वेग कमी होऊन ते कोसळण्याच्या बेतात आल्याची सूचना मिळाली, तेव्हा कॅप्टनने नाक खाली घालण्याऐवजी दांडा मागे ओढला. पहिल्या महिन्यात शिकवतात त्याच्या नेमके उलट. लोकक्षोभ झाला, २०१० साली कायदा आला, आणि २०१३ पासून को-पायलटलाही दीड हजार तास सक्तीचे झाले. त्यात एक सवलत ठेवली: विमानविद्येची पदवी असेल तर हजार तास चालतील. म्हणजे वर्गातल्या बाकावर बसण्याचे मोल पाचशे तासांच्या उड्डाणाएवढे धरले. गंमत अशी की अपघाताच्या वेळी त्या दोघाही वैमानिकांच्या वहीत दीड हजारांहून कितीतरी जास्त तास होते. खरी मेख वेगळीच होती. तो कॅप्टन आधीच्या काही चाचण्यांत नापास झाला होता आणि कंपनीला त्याचा पुरता पत्ता नव्हता. धार काढून झाली होती, बादलीकडे कुणी पाहिले नव्हते.

मग वैमानिकाला किती गणित यायला हवे? याचे उत्तर कॅनडातल्या एका हिशेबात आहे. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचे नवेकोरे बोइंग ७६७, माँट्रियलहून एडमंटनला निघालेले. इंधनाचा काटा बंद होता म्हणून टाकीत सळई घालून मोजले: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे. कागदावर गुणक होता १.७७. कर्मचाऱ्यांनी गुणाकार केला, १३,५९७ आले. ते २२,३०० मधून वजा केले, उरलेल्याला पुन्हा १.७७ ने भागले आणि सुमारे ४,९०० लिटर भरून घेतले. हिशेब चोख. फक्त १.७७ हा लिटरमागे पौंडांचा गुणक होता, किलोचा नव्हता. किलोचा गुणक साधारण ०.८. त्याने गुणले असते तर टाकीत जेमतेम सहा हजार किलो असल्याचे कळले असते आणि वीस हजार लिटरच्या वर इंधन भरावे लागले असते. विमान एक्केचाळीस हजार फुटांवर असताना इंधन संपले. कॅप्टन पिअरसन हे ग्लायडर चालवणारे गृहस्थ. त्यांनी ते अवजड धूड इंजिनांविना तरंगवत गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवले. एकोणसत्तर माणसांपैकी एकही दगावले नाही.

यात बी.एस्सी.चे काय आहे? हे आठवीतले त्रैराशिक आणि नववीतली घनता आहे. घोडेगावच्या कांदा लिलावात किलो आणि क्विंटल यांची गल्लत झाली तर हमालसुद्धा ओरडेल. वैमानिकाला लागते ते इतपतच गणित, पण ते थकलेल्या डोक्याने, घाईत, दहा माणसे बोलत असताना, एककासकट बिनचूक यायला हवे. तीन वर्षे कलन आणि बीजगणित घोकून हा गुण अंगी येतो असा अनुभव नाही. येत असता तर आपल्या पदवीधरांना बिलातला जीएसटी काढता आला असता.

मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांसाठी पदवीपेक्षा मोठी पायरी इंग्रजीची आहे, आणि इथे कुणी गोड बोलून त्यांची फसवणूक करू नये. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे जम्बो आणि कझाकस्तानचे इल्युशिन समोरासमोर धडकले. ३४९ माणसे मेली. उतरणाऱ्या कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, चढणाऱ्या सौदी विमानाला चौदा हजारांवर. कझाक विमान पंधरावर थांबले नाही. चौकशीत त्यांच्या इंग्रजीच्या तोकडेपणावर बोट ठेवले गेले. त्यानंतर भारतात विमानांना टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले आणि जगभर वैमानिकांची इंग्रजीची परीक्षा कडक झाली. डीजीसीएचे पेपर इंग्रजीत, रेडिओ इंग्रजीत, विमानाची जाडजूड पुस्तके इंग्रजीत. सोनईच्या किंवा नेवाशाच्या मुलाला इंग्रजी साहित्य नको आहे. त्याला समोरून आलेले वाक्य पहिल्या फटक्यात कळायला हवे आणि न कळल्यास "पुन्हा सांगा" म्हणायची लाज वाटायला नको. हे दोन वर्षांच्या मेहनतीने जमते. बी.ए.ला इंग्रजी घेऊनही न जमलेले लोक शेकड्याने सापडतील.

कागदावर भिस्त ठेवली की काय होते, याचा धडा आपल्याला २०११ साली मिळाला. खोट्या गुणपत्रिका जोडून परवाने मिळवल्याचे उघडकीस आले, दिल्लीत अटका झाल्या. काही ठिकाणी उड्डाणाचे तासच वहीत फुगवले गेल्याचे निघाले. शेजारी पाकिस्तानात तर २०२० च्या जूनमध्ये खुद्द विमान वाहतूकमंत्र्यांनी संसदेत सांगितले की ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. युरोपने त्यांच्या सरकारी कंपनीला बंदी घातली, ती उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. आपल्याकडे पदवी सक्तीची केली तर बनावट पदव्यांच्या टपऱ्या किती दिवसांत उघडतील, याचा अंदाज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वेगळा सांगायला नको. कागद एकाने वाढला की खोटा कागदही एकाने वाढतो. डीजीसीएला शक्ती खर्च करायचीच असेल तर ती फ्लाइंग क्लबच्या लॉगबुकमागे करावी: विमान खरेच उडाले का, किती तास, कोणत्या पोराला घेऊन.

आणि झोपेमागे करावी. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमाने धडाधड रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे डोंगर साचले, ते वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली होती आणि कंपनीकडे तेवढी माणसे नव्हती. उतारूच्या जिवाला को-पायलटच्या पदवी प्रमाणपत्राचा जेवढा आधार आहे, त्याहून त्याच्या रात्रीच्या झोपेचा जास्त आहे.

आता पैशाचे बोलू, कारण घोडेगावात शेवटी गाडी तिथेच अडते. आज भारतात दोनशे तास पुरे करून परवाना हातात यायला पन्नास लाखांच्या पुढे-मागे खर्च येतो. टाइप रेटिंगचे आणखी पंधरा-वीस लाख धरावेत. कांद्याला क्विंटलमागे दीड हजार भाव धरला तर पन्नास लाख म्हणजे ३,३३३ क्विंटल कांदा. पिकअपमध्ये वीस क्विंटल बसतो म्हटले तर एकशेसदुसष्ट खेपा. एकरी शंभर क्विंटल पिकला असे गृहीत धरले तर तेहतीस एकर, तेही रोप, खत, मजुरी, गोणी, आडत काहीही न वजा करता. आणि दर पडले की हाच हिशेब दुप्पट. शैक्षणिक कर्ज मिळते, पण एवढ्या रकमेला बँक तारण मागते आणि तारण म्हणजे बहुधा जमीनच. या घरावर आणखी तीन वर्षांच्या पदवीचा खर्च आणि तीन वर्षांची थांबलेली कमाई लादायची, तीही सुरक्षेत काडीची भर न पडता, हा अन्याय आहे. मुंबई-पुण्याच्या सधन घरातल्या मुलाला तीन वर्षे जड नाहीत. ती जड आहेत कांदा उत्पादकाच्या मुलीला.

सरकारला खरेच काही करायचे असेल तर वाट इथे आहे. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली होती. पात्रता बारावीच. अशा जागा वाढायला हव्यात. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर इथे शिकवणारे आहेत, आणि अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडिया वर्षाला एकशेऐंशी वैमानिक घडवणारी संस्था उभारत आहे. महाराष्ट्राइतक्या धावपट्ट्या फार थोड्या राज्यांकडे आहेत. धावपट्टी आहे, विमान आहे, शिक्षक आहे. तेहतीस एकर नसलेल्या मुलाने तिथपर्यंत पोचायचे कसे, एवढेच कुणी ठरवलेले नाही.

याच गर्दीत एक सावधगिरीही. "बी.एस्सी. एव्हिएशन", "बी.बी.ए. एव्हिएशन" अशा जाहिराती निकालाच्या मोसमात पानभर येतात, वर टोपी घातलेल्या हसऱ्या वैमानिकाचे चित्र. त्यांतल्या काही अभ्यासक्रमांना चांगल्या विद्यापीठांची मान्यता आहे. फुरसतगंजच्या सरकारी उड्डाण अकादमीतही परवान्याच्या जोडीने पदवीचा पर्याय आहे. पण नुसती पदवी घेऊन विमान चालवता येत नाही. परवाना डीजीसीए देते, विद्यापीठ देत नाही. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: यात उड्डाणाचे तास किती? उत्तर शून्य आले तर ते विमानतळाच्या व्यवस्थापनाचे शिक्षण आहे. वाईट नाही, पण ते वेगळे.

मग तो बाप "आधी डिग्री घे" म्हणतो तो चुकतो का? पूर्ण नाही. त्याच्या बोलण्यात एक धास्ती आहे आणि ती खरी आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर बसली. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. दर वेळी शेकडो वैमानिक एका रात्रीत घरी बसले. २०२३ सालीच डीजीसीएने विक्रमी १,६२२ नवे सीपीएल परवाने दिले, आणि परवाना हातात घेऊन नोकरीची वाट पाहणारेही तेव्हा कमी नव्हते. शिवाय हा असा पेशा आहे की पस्तिशीत कानाचा किंवा हृदयाचा एक अहवाल उलटा आला की खुर्ची गेली. अशा वेळी बारावीच्या गुणपत्रिकेवर कोणते दार उघडणार? स्पर्धा परीक्षेचेही नाही. वैमानिकाला पदवी हवी ती या दिवसासाठी. विमानाला तिची गरज नाही, घराला आहे.

म्हणून ती परवान्याच्या आधी अडसर म्हणून नको, बरोबरीने हवी. हे कसे करायचे ते लष्कराने कधीच दाखवून दिले आहे. खडकवासल्याच्या एनडीएत मुलगा बारावीनंतर जातो, तीन वर्षांच्या खडतर प्रशिक्षणाबरोबर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो आणि मग हवाई दलात उडायला शिकतो. आधी पदवी आण, मग ये, असे त्याला कुणी सांगत नाही. २०२२ पासून मुलीही तिथे आहेत. घोडेगावहून सरळ रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला गेले की राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. १९७७ पासून ती दहावी झालेल्या मुलांना एनडीएसाठी तयार करते; मुलींसाठी तशीच संस्था २०२३ साली नाशिकला सुरू झाली. ज्या घराकडे पन्नास लाख नाहीत आणि पोराच्या मनात आकाश आहे, त्या घराने या संस्थेचा पत्ता आधी शोधावा. नागरी वैमानिकासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. १९८९ पासून नोकरी, शेती, संसार सांभाळून लाखो माणसांनी तिथून पदव्या घेतल्या. पावसाळ्यात उड्डाणे बंद पडली की होस्टेलवर मोबाइल चाळत पडलेल्या प्रशिक्षणार्थीला तिथले पेपर सहज देता येतील.

एक वाद अजून धुमसतो आहे. २०२५ साली भौतिकशास्त्र-गणिताची अट शिथिल करून कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही वाट मोकळी करण्याचा प्रस्ताव चर्चेत आला. विज्ञान शाखेच्या अनेक पालकांना तो खटकला. खटकण्यासारखे त्यात फारसे नाही. आजही कॉमर्सची मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन येतातच. शाखेचे नाव काढा, विषयांची परीक्षा मात्र ठेवा, हवी तर आणखी अवघड करा. गिमलीचा तो हिशेब सोडवायला द्या, दहा मिनिटांत, वर्गात गोंगाट चालू ठेवून. जो एककासकट बरोबर सोडवेल तो आर्ट्सचा आहे की सायन्सचा, याची चौकशी विमानात बसणारा कुणी करणार नाही.

आणि नेवासे तालुक्यातल्या त्या बापाला एक सांगणे. जमीन तारण ठेवण्याच्या, कुठल्याही क्लबला इसार देण्याच्या आधी पोरीची वर्ग दोनची आणि मग वर्ग एकची वैद्यकीय तपासणी डीजीसीएने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून करून घ्या. रंगांधळेपणासारखी गोष्ट तिथे पहिल्या दिवशी कळते आणि तिचा खर्च हजारांत असतो, लाखांत नाही. म्हैस घेताना दात आधी बघतो, पैसे मागाहून मोजतो. इथेही क्रम तोच ठेवा.